भंगारातल्या सीटची खुर्ची: खालची अर्धी आपण करायची

गाडीची पुढची सीट सुटी करून घरातल्या फरशीवर ठेवली आणि तिच्यात बसलं, की दोन गोष्टी लगेच कळतात. आपण जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर बसलोय आणि गुडघे छातीशी आलेत, ही पहिली. मागे रेललं की सीट पुढून उचलली जाते, ही दुसरी. गाडीत हे होत नाही, कारण तिथे सीट चार बोल्टांनी जमिनीला आवळलेली असते. सीटची उंची, कल आणि तोल या तिन्ही गोष्टी गाडीची जमीन सांभाळत असते. भंगारवाल्याकडून आपण जी आणतो ती अर्धीच खुर्ची असते.

वरची अर्धी कारखान्यातच चांगली झालेली असते. साच्यातला फोम, कमरेचा आधार, पाठ मागे-पुढे करणारा रिक्लायनर यांत फारसा हात घालू नये. मेहनत आणि पैसा खालच्या अर्ध्यावर खर्च करावा. बहुतेकांचं उलटं होतं. नव्या रेक्झिनवर खर्च होतो आणि सीट ठोकली जाते दोन फळ्यांवर. महिनाभरात ती डुगडुगते आणि गच्चीवर जाऊन पडते.

कोणती सीट घ्यायची

पहिल्या प्रयत्नाला वॅगन आर, अल्टो, सँट्रो, इंडिका अशा छोट्या गाडीची पुढची सीट घ्या. ती हाताने सरकते, हाताने मागे पडते, तिच्यात मोटर नसते आणि एका माणसाला ती उचलता येते. शक्यतो डाव्या बाजूची घ्या. ड्रायव्हरची सीट रोज वापरातली असते. चढता-उतरताना दाराकडच्या कडेवर अंग घासून तिथला फोम दबलेला आणि शिवण उसवलेली असते. त्याच गाडीची डावी सीट बऱ्याचदा निम्मीही झिजलेली नसते.

इनोव्हासारख्या गाडीच्या मधल्या ओळीतली कॅप्टन सीट दिवाणखान्यात फार शोभते आणि तिला दुमडणारे हातही असतात. पण तिच्या पायाची रचना गुंतागुंतीची असते, त्यामुळे ती दुसऱ्या खेपेला घ्या. ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीची गोष्ट आणखी वेगळी. ॲम्बॅसेडर २०१४ साली बनायची थांबली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे त्यांची बाकासारखी अखंड सीट लोक हौसेने शोधतात. पण या जुन्या सीटांचा बसका, म्हणजे बसायचा भाग, स्प्रिंगांवर उभा असतो. आतला माल कुजला असेल तर सीट पूर्ण उघडून नव्याने भरावी लागते, आणि ते काम मुरलेल्या कुशनवाल्याचं आहे.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या सुट्या भागांसाठी सगळ्यांना माहीत आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रंही सुरू झाली आहेत. कुठूनही घ्या, पण पावती मागा. सीटबरोबर तिचे चारही मूळ बोल्ट, हेडरेस्ट आणि बाजूची प्लॅस्टिकची झाकणं तिथेच मागून घ्या. घरी आल्यावर ती वेगळी शोधणं म्हणजे सीटपेक्षा जास्त हेलपाटे.

दुकानातच सीटमध्ये बसून पाहा. पुढची खालची दांडी उचलून सीट पुढे-मागे सरकवा आणि सोडा. सीट ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर सरकते त्या रेल. दोन्ही रेलचा खटका एकदम बसला पाहिजे. एक बाजू एक दात पुढे राहिली तर सीट तिरकी चालते आणि पुढे रेल अडकते. मग पाठ टेकून हिसका द्या. पाठीला अंगठाभरही खेळ जाणवला तर रिक्लायनरचे दात झिजलेत, ती सीट सोडा. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

पुरात बुडालेली सीट ओळखता आली पाहिजे. २६ जुलै २००५ची मुंबई, २०१९चे सांगली-कोल्हापूर, २०२१चं चिपळूण अशा प्रत्येक पुरानंतर हजारो गाड्या भंगारात गेल्या. वरचं कापड धुतलं की सीट नवी दिसते. म्हणून बोट रेलच्या आत फिरवा. मऊ, पिठासारखा गाळ बोटाला लागला तर सीट पाण्याखाली होती. खालून कव्हर जरा ओढा आणि ते धरून ठेवणाऱ्या तारेच्या बारीक कड्या पाहा. बाकी सीट चकाचक आणि कड्या तेवढ्या गंजून तांबड्या, हेही तेच सांगतं. शेवटची परीक्षा नाकाची. फोम दोन्ही हातांनी दाबा आणि नाक जवळ न्या. गाळाचा वास फोममधून कधीच पूर्ण जात नाही.

एअरबॅगवाली सीट नको

हा मुद्दा सौदा करण्याआधी तपासायचा. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग पाठीच्या दाराकडच्या कडेत बसवलेली असते. तिथे शिवणीत ‘एअरबॅग’ असं लिहिलेली छोटी पट्टी असते आणि सीटखाली पिवळा प्लग लोंबत असतो. पट्ट्याच्या बकलजवळ जाड धातूची नळी आणि तिच्यातून निघालेली पिवळी वायर दिसली, तर तो पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर आहे. दोन्हींत स्फोटक भरलेलं असतं आणि ते पेटायला अगदी थोडा विद्युतप्रवाह पुरतो. मल्टिमीटर लावून ‘चालू आहे का’ बघण्याची ही वस्तू नाही. पिवळी वायर दिसली की ती सीट सोडून पुढची बघा. फारच आवडली असेल तर विकणाऱ्यालाच अधिकृत वर्कशॉपमधून एअरबॅग काढून आणायला सांगा. घरी पाठीचं कव्हर फाडत बसू नका.

सीटच्या मधोमध जाणारी साधी बारीक वायर बहुधा पट्टा न लावल्याची पिपाणी वाजवणाऱ्या सेन्सरची असते. रंग पिवळा नसेल आणि ती सेन्सरच्या पातळ चटईपर्यंतच जात असेल, तर कापून टेप गुंडाळली तरी चालते.

धुणं आणि वाळवणं

हे काम पावसाळ्यात काढू नका. फोम ओला झाला की आतून वाळायला दोन-तीन दिवसांचं कडक ऊन लागतं. वरून कोरडी वाटणारी सीट आतून ओली राहिली, तर आठवड्यात कुबट वास सुटतो. म्हणूनच गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाखाली सीट धरणं ही सगळ्यात मोठी चूक. पाणी फोममध्ये शिरतं, तिथून रेलच्या गोळ्यांत जातं आणि सहा महिन्यांनी गंज बाहेर येतो.

आधी व्हॅक्यूम फिरवा, विशेषतः बसका आणि पाठ यांच्या फटीत. नाणी, पिना, बडीशेप सगळं तिथेच सापडतं. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे कपड्यांची पावडर घोळून नुसता फेस ब्रशवर घ्या आणि हातभर जागा घासून लगेच कोरड्या फडक्याने टिपा. कापड ओलसर झालं पाहिजे, ओलं नाही. सिगारेटचा किंवा अत्तराचा वास असेल तर खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. ढेकणांची शंका असेल तर सीट घरात आणूच नका. शिवणींवर आणि कडांवर वाफेच्या इस्त्रीची वाफ सावकाश फिरवा. साधारण ५० अंशांच्या वर ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात, पण ती उष्णता शिवणीच्या आतपर्यंत पोचावी लागते. आठवड्याने पुन्हा एकदा करा.

रेलवरचं जुनं ग्रीस काळं झालेलं असतं आणि त्यात वाळू असते. रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने ते पुसून टाका आणि त्याजागी पांढरं लिथियम ग्रीस अगदी पातळ लावा. जास्त लावलं तर ते सुटून चादरींना आणि पोरांच्या हातांना लागतं. रिक्लायनरजवळची चक्राकार स्प्रिंग मात्र कुठल्याही कारणाने सोडू नका. ती ताणलेली असते आणि सुटली तर हात फोडते. याच स्प्रिंगमुळे रिकाम्या सीटची दांडी ओढली की पाठ फाडकन पुढे येते. सीट उचलताना तोंड पाठीसमोर नको.

मापं: सगळी गंमत इथे आहे

सीट सपाट फरशीवर ठेवा आणि टेपने तीन मापं घ्या. पहिलं, रेलच्या तळापासून बसक्याच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची. दुसरं, चारही बोल्टांच्या भोकांमधली अंतरं, आडवी आणि उभी. दोन्ही कर्णही मोजा. तिसरं, चारही पायपट्ट्या, म्हणजे बोल्टांची भोकं असलेल्या पट्ट्या, एका पातळीत आहेत का ते. बहुतेक सीटांत त्या नसतात. गाडीची जमीन सपाट नसते, मध्ये बोगद्यासारखा उंचवटा असतो. त्यामुळे आतल्या बाजूची पट्टी वेगळ्या उंचीची किंवा वाकवलेली असते. हा फरक मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, कारण तो वॉशर आणि पाइपच्या तुकड्यांनी भरून काढायचा आहे.

आता उंची. निवांत रेलून बसायच्या खुर्चीचा बसका माणूस बसल्यावर ३८ ते ४० सेंटिमीटरवर यावा, आणि टेबलाशी बसायचं असेल तर ४३ ते ४५. बसल्यावर फोम ३ ते ५ सेंटिमीटर दबतो. समजा तळापासून पुढच्या कडेपर्यंत २७ सेंटिमीटर आहेत आणि आपल्याला ४० हवेत. दबण्याचे ४ धरले तर सीटखाली करायच्या लोखंडी चौकटीची उंची ४० अधिक ४ वजा २७, म्हणजे १७ सेंटिमीटर. घरात आजी-आजोबा वापरणार असतील तर ३ सेंटिमीटर वाढवा. खोल सीटमधून उठताना गुडघ्यांवर फार जोर येतो.

हे गणित कागदावर ठेवून लगेच पाइप कापू नका. आधी विटा आणि फळ्यांचे तुकडे रचून सीट त्या उंचीवर बसवा, मागून कोणालातरी धरायला सांगा आणि वीस मिनिटं बसा. कल इथेच कळतो. गाडीत बसका पुढून उचललेला असतो आणि त्यातला काही उतार गाडीच्या जमिनीतून आलेला असतो. सपाट चौकटीवर तो हरवतो आणि माणूस हळूहळू पुढे घसरत राहतो. पुढच्या भोकांखाली फळीचा तुकडा सरकवून पाहा. भोकांमधलं पुढचं-मागचं अंतर ३५ सेंटिमीटर असेल, तर पुढून प्रत्येक १ सेंटिमीटर उचलल्यावर कल दीडेक अंशाने वाढतो. बहुतेक सीटांना २ ते ३ सेंटिमीटर पुरतात. मांडीखाली कड रुतायला लागली की जास्त झालं समजा. जेवढा तुकडा घातला, तेवढी चौकटीची उंची कमी करा.

चौकट

सामान साधं आहे. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप. ४० बाय ४० बाय ५चा अँगल, म्हणजे एल आकाराची लोखंडी पट्टी. रबरी बूड असलेले एम-१० (१० मिलिमीटर आट्यांचे) उंची जुळवणारे पाय चार. एम-८चे ८.८ ग्रेडचे बोल्ट चार, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) आणि मोठे वॉशर यांच्यासह. मूळ भोकं एम-१०ची असतील तर बोल्टही एम-१०च घ्या. भोकात सैल बसणारा बोल्ट कितीही आवळला तरी कुरकुरतो.

वरच्या उदाहरणासाठी कापणी अशी. बाजूचे दोन पाइप ६५ सेंटिमीटरचे. पाय चार, प्रत्येकी साडेअकरा सेंटिमीटरचे. ४ पाइपची जाडी, साडेअकरा पाय आणि दीड सेंटिमीटर जुळवणीचं रबर मिळून १७ होतात. चौकटीची बाहेरची रुंदी ५० धरली तर दोन आडवे अँगल ४२ सेंटिमीटरचे. एका खुर्चीला पाइप पावणेदोन मीटर लागतो, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ६ मीटरच्या एका पाइपात तीन खुर्च्या निघतात. चौकटीचं वजन सात किलोच्या आसपास येतं. तेवढं वजन हवंच, कारण ते खाली असतं.

आडव्याला अँगल का आणि पाइप का नाही? पाइपातून आरपार बोल्ट घालून आवळला की २ मिलिमीटरची भिंत आत दबते, बोल्ट सैल होतो, पुन्हा आवळलं की आणखी दबते. अँगलच्या ५ मिलिमीटर पट्टीतून बोल्ट सरळ जातो, नट खालून दिसतो आणि पाना लावता येतो. फॅब्रिकेशनवाला ‘पाइपच टाकू, दिसायला चांगला’ म्हणेल. ऐकू नका.

तोल ठरतो तो अँगल कुठे बसतात त्यावर. पुढच्या भोकांच्या पुढे ८ सेंटिमीटर पाइप ठेवा आणि मागच्या भोकांच्या मागे २२. ८ अधिक ३५ अधिक २२, असे ६५. मागे एवढी शेपूट लांब ठेवायची, कारण पाठ मागे पाडली की माणसाचं निम्म्याहून जास्त वजन बसक्याच्या मागे जातं. गाडीत ते बोल्ट पेलतात, इथे फक्त मागचे पाय पेलतात. जागा कमी आहे म्हणून शेपूट आखूड करायची असेल, तर पाठ ठरावीक अंशापलीकडे पडणार नाही असा अडथळा वेल्ड करावा लागेल.

वेल्डिंगच्या आधी सीट त्या जागेपासून दूर न्या, निदान दुसऱ्या खोलीत. सीटचा फोम एका ठिणगीने धुमसतो आणि त्याचा धूर विषारी असतो. सीट चौकटीवर ठेवून ‘फक्त एक टाका मारतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. भोकांच्या खुणांसाठी १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा सीटखाली बोल्टने आवळून साचा करा आणि अँगल त्या साच्यावरून आखा. एम-८ला भोक १० मिलिमीटरचं पाडा. मागच्या अँगलवरची भोकं लांबट करा, १० बाय १६. भंगारातली सीट दोन-चार मिलिमीटर पिळलेली असतेच, तेवढी सवलत तिला लागते.

२.५ मिलिमीटरचा रॉड आणि ६० ते ८० अँपिअर पुरतात. करंट जास्त झाला तर पातळ पाइपात भोक पडतं. आधी सगळीकडे टाके मारा, मग गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिलिमीटरच्या आत आला की पूर्ण वेल्ड करा, तेही समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून. एकाच बाजूने ओढत गेलं तर चौकट उन्हातल्या पापडासारखी वळते. गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. जस्ताच्या धुराने वेल्डरला ताप भरतो.

ग्राइंडरने टाके घासा, तारेचा ब्रश मारा, रेड ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर इनॅमलचे दोन हात द्या. प्रत्येक हातामध्ये एक दिवस सोडा. पावडर कोटिंग जास्त टिकतं, पण त्यासाठी चौकट २०० अंशांच्या भट्टीत जाते. त्यामुळे रबरी पाय, नट, प्लॅस्टिक काहीही लावायच्या आधी कोरी चौकट द्या. पाइपांची उघडी तोंडं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करा. झुरळांना तसा पाइप फार आवडतो.

सीट बसवणं

चारही बोल्ट हाताने, सैलच लावा. पातळीतला फरक वॉशरने भरा. मग दांडी उचलून सीट पूर्ण पुढे न्या, पूर्ण मागे न्या, पुन्हा पुढे. रेल स्वतःची जागा स्वतः शोधतात. सीट लोण्यासारखी सरकली की मागचे दोन बोल्ट आवळा, पुन्हा सरकवून पाहा, मग पुढचे दोन. आधीच गच्च आवळलं आणि दोन्ही रेल समांतर नसल्या तर सीट मधेच अडते, आणि लोक दोष देतात ग्रीसला.

घरात सीट सरकायची गरज आहे का, हे आधी ठरवा. लहान मुलं असतील तर नाहीच. हवी तिथे सीट थांबवून दोन्ही रेलमधून आरपार ६ मिलिमीटरचा बोल्ट घाला आणि खालची दांडी कापून टाका. बोटं चिमटण्याचा प्रश्न मिटतो.

आता तोलाची परीक्षा. पाठ पूर्ण मागे पाडा आणि हेडरेस्टवर दोन्ही हातांनी अंगभर जोर द्या. पुढचे पाय फरशीवरून सुटले तर खुर्ची वापरायला तयार नाही. मागची शेपूट वाढवा किंवा पाठीला अडथळा द्या. शहाबादी फरशी कुठेच सपाट नसते, म्हणून जुळवणीचे पाय आधीच धरलेत. ते फिरवून चारही पाय टेकवा आणि वरचा चेकनट आवळा.

दोन सीटांची जोडी केली असेल तर त्या गाडीत होत्या तशाच ठेवा, डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे. पाठ पाडायच्या दांड्या बाहेरच्या बाजूला येतात. उलट ठेवल्या आणि मध्ये टीपॉय आला, तर दांडीपर्यंत हातच जात नाही.

कव्हर बदलायचंच असेल

फाटलेलं नसेल तर बदलू नका. बदलायचं असेल तर जुनं कव्हर फाडू नका, तोच नव्याचा कागदी साचा आहे. हेडरेस्ट, तिच्या दोन प्लॅस्टिक नळ्या, बाजूची झाकणं या क्रमाने काढा. पाठीच्या खालच्या कडेला प्लॅस्टिकचे लांब आकडे एकमेकांत अडकवलेले असतात, ते सपाट पेचकसने सोडवा. फोममध्ये खोल गेलेल्या तारेच्या कड्या पक्कडीने कापा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवा. कड्यांच्या ओळी कुठून कुठे जातात हे नंतर कोणालाच आठवत नाही.

१३७ सेंटिमीटर पन्ह्याचं रेक्झिन किंवा कापड एका पुढच्या सीटला सव्वादोन मीटर धरा. कोकणात आणि मुंबईत कापड बरं. स्वस्त रेक्झिन दमट हवेत चिकट होतं आणि दोन-तीन वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. दबलेल्या कडेत भर घालायची असेल तर नवा मऊ फोम नको, रीबाँडेड (चुरा दाबून केलेल्या घट्ट) फोमचा तुकडा रबर सोल्युशनने चिकटवा. मऊ फोम महिन्याभरात पुन्हा बसतो. नवं कव्हर ओढताना नव्या कड्या जुन्याच तारांवर जुन्याच जागी लावा. एक ओळ जरी सुटली तरी कापड बसक्याच्या खोलगट भागावर तंबूसारखं ताणलं जातं आणि बसल्यावर घसरतं.

मागची सीट: गॅलरीतला बाक

मागच्या सीटचा बसका बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची कड जोरात वर उचलली की आकड्यांतून सुटतो. त्याला चौकट नसते, साच्यातल्या फोमच्या पोटात जाड तार असते, बस्स. खालची बाजू गाडीच्या पत्र्याच्या आकाराची, म्हणून खड्डे-उंचवट्यांची. सपाट फळीवर ठेवला तर तो चार ठिकाणीच टेकतो आणि मधोमध बसणारा माणूस खाली जातो. १८ मिलिमीटर प्लायची पेटी करा. पुठ्ठ्यावर फोमच्या पोटाचा आकार काढा आणि त्या आकाराच्या उभ्या पट्ट्या दर ४० सेंटिमीटरला आत लावा. सव्वा मीटरची फळी मध्ये आधाराशिवाय ठेवली तर वर्षाच्या आत झोळ पडतो.

पाठ वेगळी, पत्र्याच्या पाटीवर असते. ती खाली बिजागरीवर फिरते आणि वर गाडीच्या भिंतीतल्या खटक्यात अडकते. घरी ती भिंत नाही, म्हणून दोन्ही टोकांना उभे पाइप लागतात. ते पेटीच्या मागच्या फळीला नाही, तर खालच्या लोखंडी चौकटीला वेल्ड करा, नाहीतर रेलून बसणाऱ्यांच्या जोराने स्क्रू प्लायमधून उपटतात. पाठीचा कल उभ्या रेषेपासून १५ ते २० अंश पुरे. गाडीइतका ठेवला तर चहाचा कप हातात धरून बसता येत नाही. आणि बाक घराबाहेर जोडू नका. जुन्या इमारतीचा जिना आणि ७५ सेंटिमीटरचं दार, यांतून जोडलेला बाक वळत नाही.

बोलेरो, सुमोच्या मागच्या समोरासमोरच्या छोट्या सीटाही गॅलरीला छान जातात. त्यांची पाठ गाडीच्या भिंतीला असते, तशीच ती घराच्या भिंतीला लावा. मात्र विटांच्या भिंतीत १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट हवेत, साध्या गुट्ट्या नाहीत.

चाकांची ऑफिस खुर्ची

होते, पण सांभाळून. पुढची सीट साध्या ऑफिस खुर्चीच्या वरच्या भागापेक्षा दुपटीने जड असते आणि तिचं वजन पाठीकडे झुकलेलं असतं. पाच पायांचा लोखंडी पाया किमान ६५ सेंटिमीटर व्यासाचा घ्या. गॅस सिलिंडर चौथ्या क्लासचा घ्या. झुलणारी यंत्रणा टाळा, तिची स्प्रिंग या वजनाला पुरत नाही, स्थिर प्लेट वापरा. सिलिंडरचं केंद्र रेलच्या मध्यावर येतं असं धरू नका. पाठ सरळ ठेवून सीट एका आडव्या पाइपवर ठेवा, मित्राला बसवा आणि ती जिथे तोल सांभाळते ती खूण करा. प्लेट त्या खुणेवर येईल अशा ४० बाय ६च्या दोन पट्ट्या रेलखाली आडव्या बोल्टने आवळा. पाठ मागे पडणार नाही अशी रिक्लायनरची दांडी काढून टाका. सिलिंडर जागेवर असताना त्याच्याजवळ वेल्डिंग कधीही नको, आत दाबाखाली गॅस असतो.

मोटरवाली सीट मिळाली तर मेमरीची बटणं नसलेलीच घ्या. मेमरीवाली सीट गाडीच्या कॉम्प्युटरशिवाय हलत नाही. साध्या मोटरला १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय) आणि मध्ये २० अँपिअरचा फ्यूज पुरतो. मोबाइल चार्जरसारखा छोटा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर मोटर नुसती ‘टक’ करते आणि अडॅप्टर बंद पडतो.

बनवून झाल्यावर महिन्याने चारही बोल्ट एकदा पुन्हा आवळा. रंगाचा थर वॉशरखाली दबून बसतो आणि बोल्ट पाव फेरा सैल झालेला सापडतो. ‘सीट कुरकुरायला लागली’ ही तक्रार बहुतेक वेळा त्या पाव फेऱ्याचीच असते. समई आणि उदबत्तीचं घर या खुर्चीपासून हातभर लांब ठेवा. बसक्याच्या फटीत पडलेली ठिणगी तासाभराने धुमसते, तोवर खोलीत कोणी नसतं.